गाजरामागची मान

दिल्लीत लाल गाजर डिसेंबरात भरात येतं आणि होळीच्या सुमारास संपतं. सगळी गल्ली त्याचा हलवा करते. मी ढिगातली लांब, सडपातळ, सरळ गाजरं तेवढी निवडत बसतो आणि भाजीवाला वैतागतो. ती घोड्यांना व्यायाम देण्यासाठी असतात, असं मी त्याला एकदा खरं खरं सांगून टाकलं. तेव्हापासून तो माझ्याशी जरा बेतानेच बोलतो.

हे वेड घरातलं. आजोबांच्या दारात भीमथडी तट्टू होतं. मोतद्दार ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून खरारा तेच करीत आणि चंदीही तेच देत. नोकरीनिमित्त दिल्लीला आलो तेव्हा पहिल्याच रविवारी मी तालकटोरा शोधायला निघालो. मार्च १७३७ च्या अखेरीस बाजीराव दिल्लीवर येऊन थडकले तेव्हा बादशाही फौजेशी झुंज झाली ती याच भागात, रकाबगंजकडे. रकाब म्हणजे आपली रिकीब. त्या एका शब्दाने माझं बसभाडं वसूल झालं. दख्खनच्या त्या घोड्यांच्या पाठी इतकी दौड करून कशा आखडल्या असतील, या विचारात मी तिथल्या बाकावर तासभर बसलो होतो.

आजही दिल्लीतले रुबाबदार घोडे तिथून हाकेच्या अंतरावर, राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलात आहेत. हे दल १७७३ मध्ये बनारसला उभं राहिलं. प्रजासत्ताक दिनाला कर्तव्यपथावर दिसणारी ६१ कॅव्हलरी १९५३ ची. संस्थानांच्या रिसाल्यांतून ती घडली आणि त्यांत शिंद्यांचे ग्वाल्हेर लान्सर्सही होते. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये भारताने घोडेस्वारीत ३ सुवर्णपदकं जिंकली. पुढचं सुवर्ण मिळायला हांगचौचं एशियाड उजाडावं लागलं, म्हणजे ४१ वर्षं. तिथे जिंकणाऱ्या चौघांत मुंबईचा हृदय छेडाही होता. एवढी वंशावळ पुरे. मला घोड्याच्या खांद्याकडे वळायची घाई झाली आहे.

आपल्या गळ्याखाली चाचपून पाहा, कॉलरबोन लागेल. हात धडाला हाडाने जोडणारा तो आडसर. घोड्याला हे हाड नाहीच! पुढचे दोन पाय आणि छातीचा पिंजरा यांच्यामध्ये हाडांचा एकही सांधा नाही. सगळं धड दोन फऱ्यांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेलं असतं, आढ्याला बांधलेल्या पाळण्यासारखं. उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, म्हणजे तो याच झोळीवर. वर खोगीर आणि स्वार आला की पाळणा खाली दबतो. झोळी आखडली की घोडा तोकडी पावलं टाकतो, वळताना खांदा आत टाकतो, आणि स्वार म्हणतो की जनावर आडमुठं आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रात्री अकराला बायकोला उठवून सांगितलं होतं. तिची प्रतिक्रिया इथे छापण्याजोगी नाही.

आणखी एक गंमत. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू जवळपास नसतातच, असतात ते कंडरा आणि बंध. म्हणून खूर धरून पाय ओढणाऱ्याला पाहिलं की माझा जीव वरखाली होतो. ज्याला सैल करायचं तो स्नायू वर खांद्यात असतो आणि ओढ बसते ती खालच्या कंडरेला.

योग्य रीत मला शिकवली ग्रेटर नोएडाच्या पलीकडच्या एका तबेल्यातल्या म्हाताऱ्या साईसाने. पहाटेचं धुकं होतं. मी उत्साहाने एका घोडीचा पाय उचलायला गेलो, तर चाचांनी मनगटच धरलं. ‘‘बाबूजी, पहले टहलाओ.’’ डिसेंबरात डब्यातलं तूप चमच्याला दाद देत नाही, तसाच थंड स्नायू. दहा-पंधरा मिनिटं पायी फिरवायचं, नाहीतर रपेट झाल्यावर अंग गरम असताना ताण द्यायचा. चाचा बाजूला उभे राहिले, समोर नव्हे. एक हात गुडघ्याच्या वर मागच्या बाजूने, दुसरा खाली नुसता आधाराला. पाय जमिनीपासून थोडाच वर, अलगद पुढे. मग थांबले. काहीच घडेना. मी तोंड उघडणार तोच घोडीने सुस्कारा सोडला, ओठ सैल झाला आणि पाय आपणहून चार बोटं पुढे आला. ‘‘खींचो मत. वो खुद देगी.’’ दहा-पंधरा सेकंदांनी त्यांनी पाय सोडून न देता हाताने जमिनीवर ठेवला. तंग आवळल्यावर पाय असा पुढे घेतला की पट्ट्याखाली मुडपलेली कातडीही सुटते, हा वरचा फायदा.

मागचा पाय पोटाखालून पुढच्या खुराच्या दिशेने न्यायचा, किंवा सरळ मागे, पण खालून. बाहेर फाकवायचा नाही. तिथे वरचा आणि खालचा सांधा एकमेकांशी असे बांधलेले असतात की एक वाकला की दुसरा वाकतोच, आणि त्यांना वेगवेगळं वळवू पाहणं म्हणजे इजेला आमंत्रण. सुजलेला किंवा हाताला गरम लागणारा पाय, लंगडी चाल, नुकती झालेली कंडरेची दुखापत, असं काही असेल तर आधी पशुवैद्य.

आता गाजर. घोडा भिंतीला समांतर उभा करायचा, म्हणजे मागचा भाग तिकडे सरकवून तो पळवाट काढत नाही. गाजर हनुवटीपुढे धरून हळूहळू छातीकडे न्यायचं, मग दोन गुडघ्यांच्या मध्ये, मग आणखी खाली. कधी बाजूने तंगापर्यंत, कधी कुशीपर्यंत. मान मागोमाग येते, पाठ कमानीसारखी उचलते, पोट आत जातं. पाच सेकंद टिकलं की गाजर त्याचं. हिसकू द्यायचं नाही, नाहीतर ताणाऐवजी झटका बसतो आणि बोटंही जातात. गाजर लांब हवं ते याचसाठी. हिलरी क्लेटन आणि नरेल स्टब्स या संशोधकांनी ८ घोड्यांना ३ महिने, आठवड्यातून ५ दिवस हे करायला लावलं आणि सोनोग्राफी केली. २०११ मध्ये छापलेला निष्कर्ष असा, की मणक्याला लगटून असणारा मल्टिफिडस हा छोटा स्नायू जाड झाला आणि डाव्या-उजव्यातला फरकही कमी झाला.

हाताने पाय ताणण्याची गोष्ट वेगळी. २००९ च्या एका ब्रिटिश अभ्यासात त्याने पावलाची लांबी वाढली नाहीच, आणि आठवड्यातून ६ दिवस ताण दिलेल्या घोड्यांच्या खांद्याची नि मागच्या सांध्यांची हालचाल उलट कमी भरली. म्हणून माझा कौल गाजराला. तिथे किती वाकायचं ते घोडा ठरवतो. हाताने ताण द्यायचाच तर आठवड्यातून दोन-तीनदा, आणि फोटोसाठी तर मुळीच नाही.

हे सगळं लाडक्या घोड्यांचं झालं. गाझियाबादकडच्या वीटभट्ट्यांवर गाडी ओढणाऱ्या घोड्याला आणि वरातीच्या घोडीला गाजर कोण धरणार? दिल्लीच्या लग्नसराईत ती पांढरी घोडी झगझगत्या दिव्यांत, ढोलाच्या दणक्यात, नवरदेव पाठीवर घेऊन मुंगीच्या चालीने सरकत असते. गेल्या जानेवारीत आमच्या सोसायटीतली वरात संपल्यावर मी मागे रेंगाळलो. घोडीवाल्याने कलाबतूची झूल, खोगीर, तंग उतरवून हातगाडीवर टाकलं आणि तिला शेजारच्या बांधकामाच्या वाळूकडे नेलं. तिने वाळू हुंगली, खुराने उकरली, गुडघे मोडून बसली आणि लोळली. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर, चारही पाय आभाळात. मग उठून अंग झाडलं, आणि मागचा एक पाय तिने सावकाश, पार मागे लांबवला. कोणीही न धरता. घोडीवाला बिडी पेटवून वाट पाहत होता, त्याला घाई नव्हती. माझ्या कोटाच्या खिशात एक गाजर निघालं. मी ते तिच्या कुशीपाशी धरलं, तर तिने मान वळवलीच नाही. सरळ चालत मला वळसा घालून आली आणि घेऊन गेली.