इंग्रजी विशेषणांची ओळख : बेअरफूट

हातांशी नातं सांगणारी विशेषणं गेल्या भागात झाली. आता पायांकडे वळू. पहिला मान 'बेअरफूट'चा.

अर्थ सरळ आहे : अनवाणी. वापरही आपल्यासारखाच. 'अनवाणी पाय' आणि 'अनवाणी गेला', दोन्हीकडे आपला शब्द तसाच राहतो. 'बेअरफूट'ही विशेषण आणि क्रियाविशेषण अशी दोन्ही कामं त्याच रूपात करतो. १९६०च्या रोम ऑलिम्पिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला मॅरेथॉन बेअरफूट धावला आणि जिंकला, हे क्रियाविशेषण. त्याला 'बेअरफूट रनर' म्हटलं की झालं विशेषण. घोड्याला नाल ठोकलेली नसेल, तर तोही बेअरफूट.

भाषांतर करताना पाय घसरतो तो 'बेअरफूट डॉक्टर'पाशी. 'अनवाणी डॉक्टर' असं लिहून आपण मोकळे होतो आणि वाचकाला वाटतं, बिचाऱ्याकडे चपला घ्यायला पैसे नसावेत. हा शब्दप्रयोग इंग्रजीत चिनीतून आला. शांघायजवळच्या गावांत भातशेती. गुडघाभर चिखलात लावणीला उतरताना पायात काही घालून चालत नाही. अशाच शेतकऱ्यांतल्या काहींना थोडे महिने शिकवून तयार केलं जाई. लस टोचणं, जखम बांधणं, साधी औषधं देणं, आजार हाताबाहेरचा असेल तर रुग्णाला दवाखान्यात पाठवणं, ही त्यांची कामं. बोलावणं आलं की बांधावर यायचं, पाय धुवायचे, रुग्ण बघायचा. मग पुन्हा खाचरात. १९६८नंतर ही पद्धत चीनभर पसरली. १९८५मध्ये सरकारने हे नाव वापरणं बंद केलं, तोवर इंग्रजीत ते रुजलं होतं.

म्हणजे इथे 'बेअरफूट'मध्ये गरिबी नाही. गावचा माणूस वैद्यकी शिकला, तरी त्याने शेत सोडलं नाही, हे त्यात आहे. मला हा अर्थ फार मोलाचा वाटतो. पुढे तो इतर पेशांनाही लागला. चीनमधले अंध कार्यकर्ते चेन ग्वांगचेंग स्वतःच कायदा शिकले आणि गावकऱ्यांची बाजू मांडू लागले, म्हणून ते 'बेअरफूट लॉयर'. राजस्थानात तिलोनियाला १९७२मध्ये सुरू झालेल्या संस्थेचं नावच 'बेअरफूट कॉलेज'. शाळेचं तोंड फारसं न पाहिलेल्या बायका तिथे सौरदिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकतात.

असलं काही मराठीत आणताना 'अनवाणी' टाळावं. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७०पासून गावोगावच्या बायकांना आरोग्याची कामं शिकवली. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. अशा बाईसाठी इंग्रजी लेखात 'बेअरफूट' आलं, तर 'गावातलीच आरोग्यसेविका' लिहा. त्या 'गावातलीच'मधला 'च' मात्र गाळू नका. विशेषणाचा सगळा अर्थ त्यातच आहे.

पुढच्या आठवड्यात 'फुटलूज'.