भावनिक श्रम म्हणजे काय?

भावनिक श्रम (नोकरीची अट म्हणून, पगाराच्या मोबदल्यात, ठरावीक भावना दाखवणे किंवा मनातली आवरणे) ही संज्ञा अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली होकशिल्ड यांच्या १९८३ सालच्या ‘द मॅनेज्ड हार्ट’ या पुस्तकाने रूढ केली. त्यांनी अभ्यासासाठी हवाई सेविका आणि थकबाकी वसूल करणारे कर्मचारी निवडले. सेविकांनी प्रवाशांना प्रसन्न ठेवायचे, वसुलीवाल्यांनी कर्जदारांना धाकात ठेवायचे. दोन्हीकडे भावना हाच कामाचा भाग.

साडीच्या दुकानात विक्रेता पन्नास साड्या उलगडतो आणि गिऱ्हाईक काहीच न घेता उठते. त्या साड्यांच्या पुन्हा घड्या घालणे हे हातांचे काम. कपाळावर आठी न आणता ‘पुन्हा या’ म्हणणे हे भावनिक श्रम.

घरातल्यांचे वाढदिवस लक्षात ठेवणे, रुसवे काढणे यालाही आता हेच नाव दिले जाते. हे कष्ट खरे आहेत आणि बहुधा बाईच्याच वाट्याला येतात, त्यामुळे ही गल्लत स्वाभाविक आहे. होकशिल्ड मात्र खासगी नात्यांतल्या अशा कष्टांना भावनिक काम म्हणतात. हा भेद जपायला हवा, कारण नोकरीतल्या श्रमाबद्दल मालकाला जाब विचारता येतो: त्याचे वेतन किती, विश्रांती केव्हा, अपमान कुठवर सोसायचा?

दक्षिण कोरियात २०१८ पासून, ग्राहकाच्या शिवीगाळीने कर्मचाऱ्याच्या आरोग्याला धोका असल्यास त्याचे काम काही काळ थांबवणे किंवा बदलून देणे मालकावर बंधनकारक आहे.