भिंत कुणाच्या उंचीची?

जून लागला की अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते. पालक पुस्तकांच्या याद्या घेऊन उभे, मुलं नव्या दप्तरासाठी हटून बसलेली. त्या गर्दीत काही बायका अशा दिसतात की, त्यांच्या हातात यादीही नसते आणि बरोबर मूलही नसतं. त्या घोटीव कागदाचे ताव मोजून घेतात, 'फळांचा तक्ता आहे का? गेल्या वर्षीचा फाटला हो,' असं दुकानदाराला सांगतात आणि पैसे बहुधा स्वतःच्या पर्समधून देतात. या प्राथमिक शाळेतल्या बाई. एकतीस वर्षं मीही त्यांच्यातलीच एक होते.

गेल्या जूनमध्ये माझ्या भाचीचा फोन आला. डी. एड. होऊन तिला नुकतीच नोकरी लागली होती आणि पहिलीचा वर्ग मिळाला होता. "मावशी, शनिवारी मोकळी आहेस ना? बोहरी आळीत जायचंय. वर्ग सजवायचाय!" आम्ही गेलो. पताका, झिरमिळ्या, थर्माकोलची फुलपाखरं, चमकीचे कागद अशा दोन पिशव्या भरल्या. रिक्षात तिनं सहज विचारलं, "तू कसा सजवायचीस गं वर्ग?" मी म्हटलं, "असाच की." त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण उत्तर खरं होतं, पण निम्मंच. उरलेलं निम्मं मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

गोष्ट १९९४ सालची. शहराच्या पूर्व भागातल्या एका शाळेत मी पहिलीला शिकवत होते. पटावर अठ्ठेचाळीस मुलं. खोली एक आणि शाळा दोन. सकाळी आमची, दुपारी दुसरी. त्या वर्षी वर्गसजावटीची स्पर्धा जाहीर झाली आणि मला चेवच चढला. घरी रात्री खळ शिजवायची, नवऱ्याला आणि मुलांना कातरकामाला बसवायचं. बाराखडी, अंक, ऋतू, वाहनं, थोर पुरुषांच्या तसबिरी आणि दारावर 'सुस्वागतम्'. एक वीतभर भिंत मी मोकळी ठेवली नाही.

वर्गात त्या वर्षी एक मुलगा आला होता. आईवडील इमारतीच्या बांधकामावर, राहायला तिथल्याच पत्र्याच्या खोलीत. घरी कन्नड बोलणारा. मराठी समजायचं, बोलायचा मात्र नाही. पण एके दिवशी त्यानं पाठकोऱ्या कागदावर विटकरीच्या तुकड्यानं एक बैल काढला. शिंगं अंगापेक्षा मोठी आणि पाय पाच. मी कौतुक केलं, खिडकीशेजारी तो चिकटवला. तेव्हापासून हा मुलगा वर्गात आला की आधी बैलापाशी जायचा, मग जागेवर बसायचा. आठवड्याभरानं त्यानं माझ्याशी पहिला शब्द बोलला. "बाई, बैल."

परीक्षक येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी मी शेवटचा हात फिरवत होते. एवढ्या झगमगाटात तो विटकरी डाग नजरेला खुपला. मी तो काढला आणि तिथं सोनेरी काठाचा 'आमचे राष्ट्रीय पक्षी-प्राणी' हा तक्ता लावला. काढलेला कागद मी फेकला की टेबलाखाली ठेवला, हेही मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, खूश झाले. आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला. पेढे वाटले. मधल्या सुट्टीत तो मुलगा टेबलापाशी येऊन उभा राहिला. "बाई, बैल?" मी म्हटलं, "शोधते हं." शोधला. मिळाला नाही. नवीन कागद दिला, खडूची अख्खी पेटी पुढे केली. त्यानं काढलं नाही. दिवाळीनंतर बांधकाम संपलं आणि ते कुटुंब दुसरीकडे गेलं. पटावर त्याच्या नावापुढे मी 'स्थलांतर' असं लिहिलं. त्याच्या तोंडचे माझ्याशी बोललेले बहुतेक शब्द त्या एका बैलाबद्दलचे होते.

त्याच सुमारास एकदा खडू शोधायला मी बाकांमधून खाली वाकले आणि वाकल्यावाकल्याच समोर पाहिलं. पहिलीतल्या मुलाची नजर जिथे असते, तिथून. काय दिसलं? उडालेला रंग, ओलीचे पोपडे आणि तेलकट बोटांचे डाग. माझी सगळी बाराखडी त्याच्या वर, माझ्या कपाळाच्या रेषेत होती. म्हणजे वर्ग सजवला होता तो माझ्या आणि साहेबांच्या उंचीला. मुलं त्या सजावटीच्या खाली बसत होती, जशी लग्नाच्या मांडवाखाली पाहुणेमंडळी बसतात.

उरलेला धडा दुपारच्या शाळेतल्या बाईंनी दिला. 'दुपारची मुलं आमचे तक्ते फाडतात' अशी माझी कायमची तक्रार. एक दिवस भांडायच्या तयारीनंच थांबले. त्यांचा वर्ग चौथीचा. त्या शांतपणे म्हणाल्या, "बाई, चारी भिंती तुमच्याच. माझ्या मुलांनी आपलं काही लावायचं तर कुठं?" मी गप्प झाले. दोन वर्षं एका खोलीत राहून आम्ही एकमेकींना एक भिंतही दिली नव्हती.

मग आम्ही दोघींनी वाटणी केली. खिडकीची भिंत त्यांची, दाराची आमची. मागच्या भिंतीला मुलांचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर दोन सुतळ्या बांधल्या आणि कपडे वाळत घालायचे चिमटे आणले. सकाळची चित्रं वरच्या दोरीवर, दुपारची खालच्या. वाचनाचे तक्ते भिंतीवरून काढून गुंडाळीफळ्यासारखे गुंडाळून ठेवायचे, धडा असेल तेव्हाच उलगडायचे. शाळेच्या शिपाईमामांनी फळ्याचा उरलेला काळा रंग भिंतीच्या खालच्या अंगाला जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत लावून दिला. तो मुलांचा फळा. चिंचोके, खडे, बांगड्यांचे तुकडे बुटांच्या खोक्यांत आणि प्रत्येक खोक्यावर आत काय आहे त्याचं चित्र. वाचता न येणारं मूलही वस्तू जागच्या जागी ठेवू लागलं. वर्ग आवरायला मला रोज अर्धा तास लागायचा, तो आता पाच मिनिटांत मुलंच आवरू लागली. पुन्हा स्पर्धेत नंबर मात्र कधी आला नाही.

मी काही नवीन शोध लावला नव्हता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात आधी बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हेच केलं होतं. विकतची महागडी साधनं खेड्यात परवडणार नाहीत, म्हणून त्यांनी आसपासच्या बिया, पानं, शंख-शिंपले, खडे यांनाच शैक्षणिक साधन केलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली. तिला भिंतीच नव्हत्या. डी. एड.ला मी हे सगळं परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, चांगले गुणही मिळवले होते. वर्गात मात्र झिरमिळ्या लावल्या.

अर्थात कोणी असंही समजू नये की उघड्या भिंती म्हणजेच चांगली शाळा. १९८७ साली सरकारनं खडू-फळा मोहीम सुरू केली, तेव्हा प्रत्येक प्राथमिक शाळेला पावसापाण्यात वापरता येतील अशा निदान दोन खोल्या मिळाव्यात, एवढंच तिचं एक उद्दिष्ट होतं. यावरून तोवर काय अवस्था होती ते कळतं. ज्या खोलीत जुलैत छत गळतं, तिथं सजावटीची चर्चा ही चैन आहे. आधी उजेड, वारा, कोरडी जमीन.

आणि गंमत म्हणजे मोठमोठे अभ्यासही तिथेच येऊन पोहोचले. इंग्लंडमधल्या सॅलफर्ड विद्यापीठानं २७ शाळांमधले १५३ वर्ग आणि ३,७६६ मुलं तपासली. २०१५ साली त्यांनी सांगितलं, की मुलांच्या वर्षभरातल्या प्रगतीत जो फरक पडतो, त्यातला सोळा टक्के वर्गखोलीच्या रचनेशी जोडता येतो. त्यात उजेड, हवा आणि तापमान यांचा वाटा मोठा. भिंतींबद्दल त्यांचा सल्ला असा, की वीस ते पन्नास टक्के भाग मोकळा सोडा. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत ॲना फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चोवीस बालवाडीतल्या मुलांना काही पाठ खच्चून सजवलेल्या खोलीत आणि काही साध्या खोलीत शिकवले. सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जवळजवळ ३९ टक्के वेळ भलतीकडे होतं, साध्या खोलीत २८ टक्के. नंतरच्या प्रश्नांची बरोबर उत्तरं सजवलेल्या खोलीत ४२ टक्के, साध्या खोलीत ५५. मुलं थोडी, प्रयोग लहान, हे खरं. पण वाचताना मला माझा दुसरा क्रमांक आठवला.

आपल्याकडेही चांगलं घडलं. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळांत जमिनीवर आखलेल्या आकृत्यांवर बसून मुलं आपली आपण शिकू लागली. राज्यभरातले शिक्षक ते पाहायला गेले. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला आणि बोलक्या भिंती, रंगवलेल्या फरशा गावोगाव दिसू लागल्या. पाहून आनंद होतो. पण काही ठिकाणी पेंटरनं तेच रंग, तीच चित्रं काढून दिलेली असतात आणि 'पुसट होतील' म्हणून मुलांना त्यावर बसू देत नाहीत. तेव्हा वाटतं, माझी सोनेरी काठाची चूक आता ऑइलपेंटमध्ये होते आहे.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी भाचीला सांगितलं, बैलासकट. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मग दोन पिशव्यांचं काय करायचं?" मी म्हटलं, "दारावर लाव. पहिल्या दिवशी मुलं रडत येतात, त्यांना पताका बघून बरं वाटतं. वर्गाची एक भिंत मात्र रिकामी ठेव."

तिनं ठेवली. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी वरिष्ठांनी विचारलंच, "ही भिंत राहिली का?" तिनं सांगितलं, "ती मुलांची आहे. मुलं उद्या येणार आहेत."

ऑगस्टमध्ये मी तिच्या वर्गात गेले. भिंतीवर ओल आली होती, कागद वाकडेतिकडे झाले होते, एका दोरीवर नुसताच एक चिमटा लटकत होता. एका मुलीनं माझा पदर ओढून मला तिच्या निळ्या रेघोट्यांपाशी नेलं. "हा पाऊस आहे. हा काढायचा नाही, मी सांगितलंय बाईंना." मी भाचीकडे पाहिलं. ती म्हणाली, "नियमच आहे आमचा. ज्याचं चित्र, त्याला विचारल्याशिवाय कुणीच काही काढायचं नाही. साहेब आले तरी."

मी खाली बसून तो पाऊस पाहिला. तिथून छान दिसत होता.