गावठाणातील वृद्ध आणि घरपट्टी

ठाणे-बेलापूर रस्ता आणि खाडी यांच्या मध्ये घणसोली गाव वसले आहे. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर येथील आगरी-कोळी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जगत आली. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नव्या शहराची आखणी सुरू झाली, तेव्हा आज पंचाहत्तरीत असलेली पिढी ऐन विशीत होती. तिच्या डोळ्यांदेखत शेते गेली. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पाच जणांचे बळी गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. परंतु तिचा लाभ सर्वांच्या पदरी सारखा पडला नाही, आणि ज्यांच्या पदरी पडला त्यांच्यापैकी अनेकांकडे तो टिकलाही नाही. या पिढीतील अनेक वृद्धांकडे आज आपले म्हणण्याजोगी एकच वस्तू उरली आहे, ती म्हणजे गावठाणातील घर. आणि त्याच घरावर दरवर्षी मालमत्ता कराचे देयक येते.

१ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. तोवर ग्रामपंचायतीला घरपट्टी भरणारा गावकरी महापालिकेचा करदाता झाला. रस्ते, पाणी, दिवाबत्ती, मलनिःसारण यांसाठी पैसा लागतो आणि तो नागरिकांनीच दिला पाहिजे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो कराच्या मोजपट्टीविषयी. मालमत्ता कर हा करयोग्य मूल्यावर बसतो. घर भाड्याने दिल्यास वर्षाला किती भाडे येईल याचा अंदाज करावयाचा, त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करावयाचे आणि उरलेल्या रकमेवर कराचे दर लावावयाचे, अशी ही पद्धत. या हिशेबात घराचे उत्पन्न गृहीत धरलेले असते. घरात राहणाऱ्या माणसाचे उत्पन्न कोठेच विचारात येत नाही. स्वतःच्या घरात राहणाऱ्या विधवेला त्या घराचे एक रुपयाही भाडे मिळत नाही. तरीही ते मिळत असल्याप्रमाणे तिच्यावर आकारणी होते.

वृद्धांच्या बाबतीत या गृहीताचे परिणाम अधिक तीव्र होतात. नोकरदार माणसाचा पगार वाढतो, व्यापारी आपला कर गिऱ्हाइकाकडून वसूल करू शकतो. वृद्धाचे उत्पन्न मात्र गोठलेले असते. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेखाली ६५ वर्षांवरील निराधारांना मिळणारी रक्कम २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये झाली. म्हणजे वर्षाला १८,००० रुपये. समजा, अशा एखाद्या वृद्धेच्या घराचा वार्षिक कर ३,६०० रुपये आहे. म्हणजे तिच्या बारा महिन्यांच्या निवृत्तिवेतनापैकी जवळजवळ अडीच महिन्यांचे वेतन एका करात गेले. तिने तो वेळेवर भरला नाही तर थकबाकीवर दरमहा दोन टक्के, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के शास्ती चढते. हा दर ऐकून गावातील सावकारही ओशाळावा. एका हाताने शासन देते आणि दुसऱ्या हाताने स्थानिक संस्था घेते, असा हा व्यवहार आहे.

करमाफीचा विषय निघाला की आपल्याकडे चौरस फुटांची भाषा सुरू होते. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर २०२२ मध्ये पूर्णपणे माफ झाला. नवी मुंबई महापालिकेच्या सर्वसाधारण सभेनेही २०१९ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी देण्याचा ठराव केला होता. परंतु त्यास राज्य सरकारची संमती आवश्यक होती आणि ती लांबणीवर पडली. मे २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली व पुढील काही वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. ठरावाचे काय झाले, हे जाब मागण्याच्या सुरात विचारणारे सभागृहच तेव्हा उरले नव्हते.

तथापि तो ठराव अमलात आला असता, तरी घणसोलीतील वृद्धांचा प्रश्न सुटला असता काय? चौरस फूट हे गरिबीचे माप नव्हे. वाशीतील साडेचारशे चौरस फुटांच्या सदनिकेत राहणारा भरपूर पगाराचा अधिकारी या सवलतीस पात्र ठरतो. उलट गावठाणातील घर हे पडवी, माजघर, मागील दार अशा जुन्या घडणीचे; मुलांचे संसार वाढले तसे वर चढलेले. ते कागदावर ऐसपैस दिसते आणि म्हणून सवलतीबाहेर राहते. त्यातील एका खोलीत दिवस काढणाऱ्या आजीकडे रोख पैसा नाही, ही गोष्ट मोजमाप घेणाऱ्या फितीला कळत नाही. ती घराची मालकीण असेल. पण घराची एक वीट विकून कोणाला घरपट्टी भरता येत नाही.

थकबाकीदारांसाठी वेळोवेळी जाहीर होणाऱ्या अभय योजना हेही या प्रश्नाचे उत्तर नव्हे. या योजनांत शास्तीचा मोठा भाग माफ होतो. ज्याने पैसा असूनही कर थकविला त्याला ती सूट मिळते. ज्या वृद्धेने उसनवारी करून वेळेवर कर भरला, तिला काहीच मिळत नाही. चुकविणाऱ्याला बक्षीस आणि भरणाऱ्याला शिक्षा, असा तिचा अर्थ गावात लावला जातो आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही.

माणसाची परिस्थिती पाहून करात सवलत देणे ही कल्पना नवी नाही. पुणे महापालिका १९७० पासून स्वतःच्या घरात राहणाऱ्या मालकास मालमत्ता करात चाळीस टक्के सवलत देत आली. मध्यंतरी ती बंद झाली आणि नागरिकांच्या रेट्यामुळे २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांना मालमत्ता करात माफी देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२० मध्ये घेतला. म्हणजे घराकडे न पाहता घरातील माणसाकडे पाहण्याचे तत्त्व शासनाला मान्य आहे. ते अल्प उत्पन्नाच्या वृद्धांपर्यंत पोहोचलेले नाही, एवढेच.

परदेशांचा अनुभवही येथे उपयोगी पडेल. घरपट्टीचा बोजा श्रीमंतांपेक्षा गरीब कुटुंबांच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा खातो, असे ब्रिटनमध्ये अॅलन समितीने १९६५ मध्ये दाखवून दिले आणि पुढच्याच वर्षी अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना सूट देणारा कायदा झाला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने १९६४ मध्ये वृद्धांसाठी अशीच, उत्पन्नाशी जोडलेली सवलत सुरू केली. आयर्लंडने २०१३ मध्ये नवा मालमत्ता कर लावताना अल्प उत्पन्नाच्या घरमालकांना कर पुढे ढकलण्याची मुभा दिली. तो कर बुडत नाही. अल्प व्याजासह घरावर बोजा म्हणून राहतो आणि घर विकले जाताना वसूल होतो.

घणसोलीसारख्या गावांसाठी या दोन्ही मार्गांचा मेळ घालता येईल. ज्या वृद्धांचे उत्पन्न ठराविक मर्यादेखाली आहे आणि जे त्याच घरात राहतात, त्यांना करात थेट सूट द्यावी. ज्यांचे घर मोठे परंतु उत्पन्न तुटपुंजे आहे, त्यांचा उरलेला कर शास्ती न लावता पुढे ढकलावा आणि तो वारसांकडून किंवा विक्रीच्या वेळी घ्यावा. खोल्या भाड्याने दिल्या असतील तर त्या भागाचा कर नेहमीप्रमाणे आकारावा. यामुळे महापालिकेचा पैसा बुडणार नाही, आणि सधन मुलाने सवलतीसाठी घर आईच्या नावावर दाखविले तरी अखेर कर त्याच्याकडूनच येईल.

अशा सवलतीचा गैरफायदा घेतला जाईल, पात्र कोण हे ठरविणार कसे, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु श्रावणबाळ व संजय गांधी निराधार योजनांच्या लाभार्थींच्या उत्पन्नाची छाननी तहसील कार्यालयात आधीच झालेली असते. ती यादी महापालिकेने मागवून घेतली, तर अत्यंत गरजू वृद्धांपासून सुरुवात करता येईल आणि वृद्धांना पुन्हा दाखल्यांसाठी खेटे घालावे लागणार नाहीत. खरी अडचण दुसरीच आहे. गावठाणातील कित्येक घरे आजही मृत आजोबांच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर आहेत; वाटण्या तोंडी झाल्या आहेत आणि मालकीचे कागद अपुरे आहेत. सवलत केवळ कर नोंदवहीतील मालकालाच मिळेल असा नियम केला, तर घरात हयात असलेली विधवा वगळली जाईल आणि लाभ मृताच्या नावे लिहिला जाईल. म्हणून मालकी नव्हे, तर प्रत्यक्ष वास्तव्य हा निकष असला पाहिजे.

नवी मुंबई हे नियोजनबद्ध शहर म्हणून ओळखले जाते. हे नियोजन ज्यांच्या शेतांवर उभे राहिले, त्यांची अखेरची पिढी आज गावठाणात वृद्ध होत आहे. या पिढीला उपकार नकोत. शहराच्या खर्चाचा आपला वाटा तिने जमिनीच्या रूपाने एकदा उचलला आहे. उरलेला वाटा तिच्या ऐपतीप्रमाणे घ्यावा, इतकीच अपेक्षा आहे. आणि ती पुरी करावयाची तर ती ही पिढी हयात असतानाच केली पाहिजे.