पटावरचे युद्ध आणि पानिपतचे युद्ध

बुद्धिबळाच्या पटाशी बसलेल्या दोन माणसांमध्ये एक न बोललेला करार असतो. एकाने चाल करावी आणि ती पुरी होईपर्यंत दुसऱ्याने हात आवरून धरावा. खऱ्या युद्धात असा करार कोणी पाळत नाही. तेथे दोन्ही बाजू एकाच वेळी चालून येतात, धुरळ्याने दिशा दिसेनाशा होतात आणि सेनापतीचा हुकूम शिपायापर्यंत पोहोचेल की नाही, याची खात्री देता येत नाही. असे असूनही युद्धविचाराचे पाठ गिरविण्यासाठी माणसाने शतकानुशतके आळीपाळीने खेळावयाच्या खेळाचाच आश्रय घेतला आहे. आज संगणकाच्या पडद्यावर जे अद्भुतरम्य युद्धखेळ खेळले जातात, त्यांपैकी पुष्कळसे याच जातीचे आहेत. त्यांचे गुण कोणते आणि उणिवा कोणत्या, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. त्यासाठी १७६१ सालची पानिपतची लढाई कसोटी म्हणून समोर ठेवली आहे. कारण मराठी माणूस ही लढाई आपल्या मनाच्या पटावर आजही पुन्हा पुन्हा लढत असतो.

खेळाची वंशावळ

चतुरंग या प्राचीन भारतीय खेळाच्या नावातच सेनेची चार अंगे आहेत: हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. पुढे त्याचे रूप बदलत गेले, पण दोन गोष्टी टिकल्या. चाल आळीपाळीने करावयाची आणि राजा अडकला की डाव संपला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रशियातील राइसविट्झ पितापुत्रांनी ‘क्रीगस्पील’ नावाचा युद्धखेळ सिद्ध केला. १८२४ साली पुत्राने त्याला दिलेल्या रूपात काळ्यापांढऱ्या घरांच्या जागी खरा नकाशा आला, नशिबाचा भाग फाशांवर सोपविण्यात आला आणि निर्णय देण्यासाठी एक पंच नेमण्यात आला. एका फेरीत दोन मिनिटांची हालचाल धरण्यात येई. आपल्या सैन्याला जे दिसू शकेल तेवढेच खेळाडूला सांगावयाचे, हे पंचाचे मुख्य काम होते.

यानंतरचे महत्त्वाचे वळण १९७४ साली अमेरिकेत आले. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात पलटणीच्या जागी एकेक पात्र आणले. त्या पात्राला नाव, स्वभाव आणि अनुभवाने वाढत जाणारे बळ मिळाले. युद्धखेळ आणि पात्रांची कथा यांचा असा संगम झाल्यावर संगणकाने पंचाची जागा घेतली. १९९० साली जपानमध्ये निघालेल्या ‘फायर एम्ब्लेम’ या खेळात रणात पडलेले पात्र सामान्यतः पुन्हा कथेत येत नसे. त्यामुळे खेळाडू प्रत्येक चाल जिवाच्या आकांताने करू लागला. २००३ साली डेव्हिड व्हाइट यांनी आरंभिलेला आणि पुढे अनेक स्वयंसेवकांच्या श्रमातून वाढलेला ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ हा याच परंपरेतील खेळ आहे. तो विनामूल्य मिळतो आणि त्याचे नियम सर्वांना खुले आहेत. म्हणून पुढील विवेचनासाठी त्याचाच नमुना घेऊ.

नियमांतून मिळणारे ज्ञान

वेसनॉथचा नकाशा षट्कोनी घरांचा असतो. प्रत्येक घराला भूमीचा गुण आहे. खुल्या माळावर उभ्या असलेल्या सामान्य मानवी योद्ध्याला शत्रूचा वार चुकविण्याची संधी शंभरात चाळीस मिळते. तोच खेड्याच्या किंवा कोटाच्या आडोशाला असेल तर साठ, आणि उथळ पाण्यात उतरला असेल तर अवघी वीस. दिवसाचे सहा भाग केलेले आहेत. काही जातींचे योद्धे दिवसा पंचवीस टक्क्यांनी प्रबळ होतात आणि रात्री तितकेच दुर्बळ होतात. काहींचे याच्या उलट. म्हणजे ‘कोठे’ आणि ‘केव्हा’ हे दोन प्रश्न ‘कोण’ या प्रश्नाइतकेच महत्त्वाचे आहेत, ही गोष्ट खेळाडू पहिल्या दोन-तीन डावांतच शिकतो.

आणखी एक नियम विशेष मार्मिक आहे. प्रत्येक योद्ध्याचा आपल्या भोवतालच्या सहा घरांवर दाब असतो. शत्रू त्या घरात शिरला की त्याची पुढची वाटचाल थांबते. म्हणून दोन योद्ध्यांमध्ये दोन घरे मोकळी सोडली तरी शत्रूला त्यांतून सरळ निसटून जाता येत नाही. थोड्या माणसांनी लांब फळी कशी धरावी आणि फळीतील एक माणूस जागचा हलला की सगळी फळी कशी उघडी पडते, हे पुस्तकातील आकृतीपेक्षा या नियमाने अधिक लवकर समजते. शून्य पातळीच्या पात्रांचा, उदाहरणार्थ साध्या शेतकऱ्याचा, असा दाब मुळीच नसतो. तो फळीत उभा असला तरी फळी धरू शकत नाही.

या खेळांचा सर्वांत मोठा गुण मात्र नियमांच्या पलीकडे आहे. ते विचाराला अवकाश देतात. घड्याळ सामान्यतः मागे लागलेले नसते, हाताच्या चपळाईला किंमत नसते. दहा वर्षांचा मुलगा आणि सत्तर वर्षांचे आजोबा एकाच पटावर समान अधिकाराने बसू शकतात. चाल चुकली तर ती कोणत्या क्षणी चुकली, हे मागे वळून पाहता येते. निर्णय आणि त्याचा परिणाम यांच्यामधील धागा इतका स्पष्ट दाखविणारी साधने फार थोडी आहेत.

पानिपतची कसोटी

पानिपत शहराबाहेर काला अंब नावाचे स्थळ आहे. आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या या भागात विटांचा एक स्मृतिस्तंभ उभा आहे. येथे एक आम्रवृक्ष होता आणि रणातील रक्तपाताने तो काळवंडला, अशी आख्यायिका सांगतात. या भूमीवर १४ जानेवारी १७६१ रोजी जे घडले, त्याच्याशी खेळाचे नियम ताडून पाहिले म्हणजे त्यांचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही उघड होतात.

प्रथम सामर्थ्य पाहू. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठी सैन्य दिल्लीच्या उत्तरेस कुंजपुऱ्याला होते. कुंजपुरा त्यांनी जिंकला, पण त्याच महिन्याच्या अखेरीस अहमदशहा अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मध्ये आला. पटावर हा प्रसंग मांडला तर त्यातील मर्म तत्काळ दिसते. दोन्ही सैन्यांनी जागा बदलल्या होत्या. दक्षिणेच्या सैन्याची पाठ उत्तरेला आणि उत्तरेच्या सैन्याची पाठ दक्षिणेला झाली होती. नदीचा उतार म्हणजे केवळ पाणी नसून ते मोर्चाचे ठिकाण आहे, हे उथळ पाण्यात वीस टक्क्यांवर आलेला खेळाडू कधी विसरत नाही.

लढाईच्या दिवशीची रचनाही पटावर चांगली समजते. मराठे गोलाची रचना करून, बुणगे आणि यात्रेकरू यांना आत घेऊन, शत्रूची फळी फोडून जाऊ पाहत होते. डाव्या बाजूला इब्राहिमखान गारदी याच्या तोफा आणि कवायती पायदळ होते. आत शून्य पातळीचा प्रचंड समुदाय आणि भोवती दाब धरणाऱ्यांचे कडे, असे या गोलाचे चित्र खेळाच्या भाषेत काढता येते. विठ्ठल शिवदेव विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांच्या घोडदळाने आपली जागा सोडून रोहिल्यांवर धाव घेतली, तेव्हा कडे तेथे उघडे पडले. दुपारनंतर अब्दालीने राखून ठेवलेले ताजे सैन्य रणात लोटले. शेवटचा मोहरा हातचा राखावा, हा धडा असा खेळाडू दहा वेळा हरून शिकलेला असतो.

पट जे दाखवीत नाही

येथपर्यंत खेळ आणि इतिहास हातात हात घालून चालतात. यापुढे त्यांच्या वाटा फुटतात.

पहिली गोष्ट भुकेची. नोव्हेंबरच्या आरंभापासून लढाईच्या दिवसापर्यंत अडीच महिने दोन्ही सैन्ये समोरासमोर बसून होती. अब्दालीला यमुनेपलीकडून, रोहिल्यांच्या मुलखातून रसद येत राहिली. मराठ्यांसाठी दुआबात शत्रूची रसद तोडण्याचे काम करणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले आणि छावणीतील अन्नाची कोंडी पुरी झाली. आता वेसनॉथचा नियम पाहा. जो योद्धा एक फेरी स्वस्थ राहतो, त्याची प्रकृती थोडी सुधारते. खेड्यात राहिला तर बरीच सुधारते. खजिना आटला तर नवी भरती थांबते, पण असलेले योद्धे उपाशी मरत नाहीत. म्हणजे पटावर थांबणे हा विसावा असतो. पानिपतच्या छावणीत थांबणे हाच क्षय होता. अडीच महिन्यांनी खंदकाबाहेर पडणाऱ्या माणसांपुढे जो निर्णय होता, तो ज्याच्या योद्ध्यांना भूकच लागत नाही अशा खेळाडूला समजणे कठीण आहे.

दुसरी गोष्ट एककालिकतेची. विंचूरकर आणि गायकवाड यांचे घोडेस्वार पुढे गेले, त्यामुळे गोल मोडला एवढेच नव्हे, तर ते आपल्याच तोफांच्या आड आले आणि गारद्यांचा मारा खुंटला. आळीपाळीच्या खेळात हे घडतच नाही. तेथे प्रत्येक मोहरा दुसऱ्याची चाल संपेपर्यंत थांबतो. स्वतःच्याच दोन दलांनी एकमेकांना अडवावे, हा युद्धातील नित्याचा अनर्थ नियमांनी आधीच वगळलेला असतो.

तिसरी गोष्ट मनाची. खेळातील नायक शेजारच्या कनिष्ठ योद्ध्यांचे बळ वाढवितो, हा वेसनॉथचा नियम धैर्याची लागण नीट टिपतो. भीतीची लागण मात्र त्याला टिपता येत नाही. विश्वासराव गोळी लागून पडले, सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि रिकामी अंबारी पाहून सैन्याचा धीर खचला. नायक पडला की डाव हरला, असा नियम खेळातही बहुधा असतो. पण तो एका ओळीचा निकाल आहे. पानिपतावर निकाल कोणी जाहीर केला नव्हता. हजारो माणसांनी एक रिकामी अंबारी पाहिली आणि प्रत्येकाने आपापल्या मनात निकाल लावला.

चौथी गोष्ट इच्छेची. पटावरचा मोहरा हुकूम मोडत नाही. मल्हारराव होळकरांसारखा वयोवृद्ध सरदार, ज्याला गनिमी काव्याची लढाई अधिक पसंत होती आणि जो अखेरीस आपली फौज घेऊन रणातून निघून गेला, तो पटावर संभवत नाही. वेसनॉथमध्ये ‘एकनिष्ठ’ असा एक गुण आहे. ज्याच्या ठायी तो आहे त्याला पगार द्यावा लागत नाही. पैशाच्या अडचणीमुळे ज्या सेनेच्या प्रमुखाने दिल्लीच्या दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून नाणी पाडली, तिच्या कहाणीपुढे निष्ठेची ही व्याख्या फारच सोपी वाटते.

निवाड्याचा प्रश्न

या चारही उणिवांच्या मुळाशी एकच कारण आहे. खेळाडू पटाच्या वर असतो. त्याला बहुतेक वेळा सगळा नकाशा दिसतो, त्याच्यापाशी वेळ असतो, आणि डाव बिघडला तर साठवून ठेवलेल्या मागील फेरीकडे परत जाण्याची सोय असते. हेच त्याच्या शिकण्याचे साधन आहे आणि हाच त्याच्या गैरसमजाचा उगम आहे. ज्या स्पष्टतेमुळे खेळ चांगला शिक्षक होतो, त्याच स्पष्टतेमुळे तो वाईट न्यायाधीश होतो.

मराठी भाषेत ‘पानिपत होणे’ म्हणजे पुरता धुव्वा उडणे, आणि ‘विश्वास तर पानिपतावर गेला’ ही म्हण अजून लोकांच्या तोंडी आहे. इतक्या खोलवर गेलेल्या पराभवाविषयी ‘भाऊंनी असे केले असते तर’ हा प्रश्न घरोघरी विचारला जाणे स्वाभाविक आहे. परंतु तो बहुधा पटाच्या वरून विचारला जातो. तिशीतल्या त्या सेनापतीला बागपतचा उतार आपल्यासारखा दिसत नव्हता. गोविंदपंत पडणार आहेत हे त्याला ठाऊक नव्हते. आणि त्याला मागील फेरी उघडता येत नव्हती. हे ध्यानात न घेता दिलेला दोष हा इतिहासाचा निवाडा नसतो, तो खेळाडूचा निवाडा असतो. भाऊसाहेबांच्या चुका झाल्या नाहीत असा याचा अर्थ नव्हे. चूक मोजताना ती करणाऱ्याला काय दिसत होते ते आधी मोजावे, इतकाच याचा अर्थ आहे.

राइसविट्झच्या खेळातील पंच नेमके हेच करीत असे. तो खेळाडूपासून पटाचा मोठा भाग झाकून ठेवी. आजच्या खेळांतही शत्रूच्या हालचाली धुक्याआड झाकण्याची सोय असते, पण पुष्कळ खेळाडू ती बंद ठेवतात. शाळेत किंवा ग्रंथालयात अशा खेळांचा उपयोग करावयाचा असेल, तर ती अवश्य चालू ठेवावी आणि मागील फेरीकडे परत जाण्यास मनाई करावी. डाव संपल्यावर शेजारी पानिपतच्या मोहिमेचा नकाशा पसरावा आणि मुलांना तीन प्रश्न विचारावेत: ही चाल करताना तुला काय दिसत होते? काय दिसत नव्हते? आणि तुझे योद्धे जर अडीच महिने अर्धपोटी असते, तर तू हीच चाल केली असतीस काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यांना पटावर सापडतील. तिसऱ्यासाठी त्यांना बखरी, पत्रे आणि इतिहासाची पुस्तके उघडावी लागतील.