पश्चिम दिशेची चेटकीण

मुलांच्या गोष्टींत चेटकीण असावी कीं नसावी, हा वाद सुशिक्षित घरांतून वारंवार निघतो. रात्रीं मूल दचकून उठलें कीं आई विचारते, "कोणीं सांगितल्या याला असल्या गोष्टी?" आणि आजोबा निमूटपणें चष्मा पुसूं लागतात. मी स्वतः आजोबांच्या पक्षाचा आहें. तेव्हां आजचें भाषण अगदीं निःपक्षपाती होईल अशी अपेक्षा श्रोत्यांनीं ठेवूं नये. परंतु पक्ष मांडावयाचाच तर तो एखाद्या चांगल्या उदाहरणावरून मांडावा, म्हणून अमेरिकन बालवाङ्मयांतील एका प्रसिद्ध चेटकिणीची आज आपणांस ओळख करून देतों.

एल. फ्रँक बॉम या लेखकाचें 'ओझचा अद्भुत जादूगार' हें पुस्तक १९०० सालीं शिकागो येथें प्रसिद्ध झालें. कॅन्ससच्या माळावर चुलता-चुलतीजवळ राहणारी डोरोथी नांवाची पोरकी मुलगी घरासकट वावटळींत सांपडते व ओझ नांवाच्या देशांत जाऊन पडते. घर पडतें तें नेमकें पूर्व दिशेच्या दुष्ट चेटकिणीच्या अंगावर. ती मरते, आणि तिचे चांदीचे जोडे डोरोथीच्या पायांत येतात. घरीं परत जाण्याचा मार्ग विचारावा म्हणून ती तेथील थोर जादूगाराकडे निघते. वाटेंत बुजगावणें, पत्र्याचा लाकूडतोड्या आणि भित्रा सिंह असे तीन सोबती तिला मिळतात. जादूगार म्हणतो, आधीं पश्चिमेच्या दुष्ट चेटकिणीला ठार करा, मग मागाल तें देईन. आपण होऊन कधीं कांहीं मारलें नाहीं, असें ती पोर सांगून पाहते. पण जादूगार ऐकत नाहीं.

या पुस्तकाच्या प्रस्तावनेंत बॉमनें एक प्रतिज्ञा केली आहे. जुन्या परीकथांतील आश्चर्य आणि आनंद आपण ठेवले असून मनाला चटका लावणारा व रात्रीं झोंप उडविणारा भाग गाळला आहे, असा तिचा आशय. मग ही चेटकीण कशी राहिली? तिला त्यानें गाळलें नाहीं. निराळ्या मातीची घडविली.

तुलनेसाठीं ग्रिम बंधूंच्या संग्रहांतील चेटकीण घ्या. त्या संग्रहाचा पहिला भाग १८१२ सालीं निघाला, आणि त्यांतील हान्सेल व ग्रेटेल यांची गोष्ट आतां जगभर ठाऊक आहे. ती चेटकीण मुलांना कोंडून, खाऊं घालून, लठ्ठ करून खाणारी. शेवटीं ग्रेटेल तिला भट्टींत ढकलते. तेथें भीति केवळ शरीराची आहे, आणि तिला माप नाहीं. बॉमची चेटकीण मुलांना खात नाहीं. ती त्यांना कामाला लावते. डोरोथी हातीं लागल्यावर ती तिला स्वयंपाकघरांत नेऊन भांडीं घासावयास, केर काढावयास आणि चुलींत लांकडें सारावयास सांगते. पश्चिमेकडील विंकी नांवाचे लोक तिनें आधींच गुलाम केलेले आहेत. मनासारखें काम झालें नाहीं कीं ती त्यांना वादीनें झोडपते. सिंह गाडी ओढण्यास तयार होत नाहीं, म्हणून त्याचें अन्न तोडते. म्हणजे हिची दुष्टाई धन्याची आहे, राक्षसिणीची नव्हे. आणि हा प्रकार मुलांना, दुर्दैवानें, गोष्टीबाहेरहि पाहावयास मिळतो.

आतां तिचें सामर्थ्य कशांत आहे तें पाहूं. तिला डोळा एकच, पण तो दुर्बिणीसारखा तीक्ष्ण. गळ्यांत चांदीची शिटी. ती एकदां फुंकली कीं लांडगे धांवून येतात, दोनदां फुंकली कीं कावळे, तीनदां फुंकली कीं काळ्या मधमाश्या. लांडगे चाळीस येतात व लाकूडतोड्याच्या कुऱ्हाडीनें चाळीसहि मरतात. कावळे चाळीस येतात, त्या सर्वांच्या माना बुजगावणें पिरगाळतें. हा भाग मला थोडा यांत्रिक वाटतो. मुलें मात्र आंकडे मोजीत असतात, त्यामुळें त्यांना तो फार आवडतो.

शेवटीं तिच्या कपाटांतील सोन्याची टोपी बाहेर येते. या टोपीच्या धन्यानें आधीं एका पायावर, मग दुसऱ्या पायावर आणि मग दोन्ही पायांवर उभें राहून मंत्र म्हटला, म्हणजे पंख असलेले वानर हजर होतात व सांगितलें काम करतात. पण एका धन्याला असे तीनच हुकूम सोडतां येतात. एक हुकूम विंकींना गुलाम करण्यांत गेलेला, दुसरा खुद्द ओझच्या जादूगाराला पश्चिमेंतून हुसकून लावण्यांत. तिसरा डोरोथीच्या मंडळीवर खर्च होतो आणि टोपी तिच्यापुरती निकामी होते. तिचें सारें बळ असें दुसऱ्यांकडून उसनें घेतलेलें व मोजून संपणारें आहे. मूल ही वजाबाकी बरोबर करतें.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढें आहे. ही चेटकीण स्वतः भित्री आहे. उत्तरेच्या भल्या चेटकिणीनें डोरोथीच्या कपाळाचें चुंबन घेतलेलें असतें. त्याची खूण पाहून हिला धास्ती पडते, आणि पायांतील जोडे पाहून तर कांपरें भरतें. मग ती मुलीच्या डोळ्यांत पाहते, आणि आपल्याजवळ केवढी शक्ति आहे हें या पोरीला ठाऊकच नाहीं असें तिच्या ध्यानांत येतें. तेथें ती मनांतल्या मनांत हंसते. माझ्या मतें सबंध पुस्तकांत भयंकर वाक्य असेल तर तें हेंच. दुसऱ्याच्या अज्ञानावर आपलें राज्य चालतें, हें तिनें ओळखलें आहे.

पांचवीच्या वर्गाला मी ही गोष्ट तोंडीं सांगत असें. एकदां एका मुलानें विचारलें, "गुरुजी, एवढी मोठी चेटकीण, मग मुलगी झोंपल्यावर ती जोडे कां चोरीत नाहीं?" प्रश्न उत्तम होता, आणि बॉमनें त्याचें उत्तर आधींच देऊन ठेवलें आहे. डोरोथी जोडे काढते तीं दोनच वेळां, रात्रीं निजतांना आणि स्नानाच्या वेळीं. चेटकीण अंधाराला भिते, म्हणून रात्रीं खोलींत जात नाहीं. पाण्याला त्याहूनहि भिते, म्हणून स्नानाच्या वेळीं जवळ फिरकत नाहीं. हातांत सदा छत्री! उलट डोरोथी रोज रात्रीं कपाटांतलें अन्न घेऊन उपाशी सिंहाकडे जाते. हें सांगितल्यावर सारा वर्ग हंसला. त्या वर्गांतील किती जण रात्रीं एकटे परसांत जात नसत, तें मला ठाऊक होतें.

शेवटीं ती स्वयंपाकघराच्या जमिनीवर लोखंडी कांब ठेवते व जादूनें ती अदृश्य करते. डोरोथी अडखळून पडते, एक जोडा निसटतो आणि चेटकीण तो बळकावते. डोरोथी तो परत मागते. चेटकीण तिला हंसते. इतके दिवस धाक, शिव्या, राबणूक मुकाट्यानें सोसलेली ही मुलगी त्या एका जोड्यासाठीं संतापते, आणि जवळची पाण्यानें भरलेली बादली उचलून चेटकिणीच्या अंगावर ओतते. ती विरघळूं लागते, तांबूस साखर विरघळावी तशी. आपल्याकडील मुलांना सांगतांना मी गुळाचा खडा म्हणत असें.

१९३९ सालीं निघालेल्या चित्रपटानें हा प्रसंग बदलला. तेथें बुजगावण्याला आग लागते, ती विझविण्यासाठीं डोरोथी पाणी फेंकते आणि तें चुकून चेटकिणीवर पडतें. चित्रपट सुंदर आहे, चेटकिणीचा हिरवा चेहरा लोकांच्या लक्षांत राहिला तो त्यामुळेंच. परंतु मुलीचा राग काढून टाकला हें मला मान्य नाहीं. पाण्यानें ती मरेल हें पुस्तकांतील डोरोथीलाहि ठाऊक नसतें, म्हणून तिच्या माथीं खून येत नाहीं. पण राग तिचा स्वतःचा, आणि रास्त असतो.

त्या चित्रपटांत चेटकीण झालेली मार्गारेट हॅमिल्टन ही नटी पूर्वीं बालवर्गाची शिक्षिका होती. चित्रीकरणाच्या वेळीं डिसेंबर १९३८ मध्यें ती भाजली व कांहीं आठवडे अंथरुणास खिळली. पुढें १९७५ सालीं मुलांच्या एका दूरदर्शन कार्यक्रमांत तिनें चेटकिणीचा पोशाख मुलांसमक्ष एकेक करून अंगावर चढविला. आंत एक साधी आजी आहे हें त्यांना दिसावें म्हणून. शिक्षकी पेशा सुटला तरी अंगांतून जात नाहीं! अलीकडे, १९९५ सालच्या ग्रेगरी मॅग्वायर यांच्या कादंबरीनें व २००३ सालच्या संगीत नाटकानें याच चेटकिणीला नायिका केलें आहे. तें प्रौढांचें वाचन. त्यांत मी शिरत नाहीं.

मात्र चेटकीण या शब्दाविषयीं थोडें बोललें पाहिजे. सगळ्याच चेटकिणी दुष्ट असतात अशी डोरोथीची समजूत असते, आणि ओझमध्यें पाऊल टाकतांच ती खोटी ठरते. तिला पहिली भेटते ती उत्तरेची चेटकीण सुरकुतलेल्या चेहऱ्याची, पांढऱ्या केसांची, जपून पावलें टाकणारी आणि अत्यंत मायाळू. म्हातारपण हें दुष्टपणाचें चिन्ह नव्हे, हें बॉमनें आरंभींच सांगून टाकलें. त्याची सासू माटिल्डा गेज ही स्त्रियांच्या मताधिकारासाठीं झगडणारी बाई. चेटकिणी म्हणून मारल्या गेलेल्या स्त्रियांविषयीं तिनें १८९३ सालच्या आपल्या ग्रंथांत सविस्तर लिहिलें होतें. तिचा शेवट १८९८ मध्यें बॉमच्याच घरीं झाला. जांवयावर या विचारांचा परिणाम झाला असावा, असें मानण्यास जागा आहे. आपल्याकडेहि हा आळ नुसत्या गोष्टींत राहिलेला नाहीं. महाराष्ट्रांत २०१३ सालीं जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, आणि एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याला छळणें हा त्यांत गुन्हा ठरविला आहे. म्हणून मुलाला चेटकिणीची गोष्ट सांगतांना उत्तरेची म्हातारी वगळूं नये.

आतां वाचून दाखविण्यासंबंधीं एक सूचना. ही चेटकीण प्रत्यक्ष भेटते ती पुस्तकाच्या बाराव्या प्रकरणांत, आणि त्याच प्रकरणांत ती संपतेहि. प्रकरण लांब आहे. निजावयाच्या वेळीं तें अर्ध्यावर, विशेषतः त्या अदृश्य कांबेपाशीं, सोडूं नये. डोरोथी आणखी एक बादली ओतून ती घाण दाराबाहेर झाडून काढते, जोडा उचलून धुते, फडक्यानें पुसून पायांत घालते आणि सिंहाला सोडवावयास आंगणाकडे धांवते. निदान तेथपर्यंत तरी वाचावें, मग दिवा मालवावा.