नसबंदी झाली, तरी दिवस राहिले!

“यांची नसबंदी झाली, आता कसली काळजी?” असे म्हणून पुष्कळ जोडपी निर्धास्त होतात. दोन महिन्यांनी बाईला दिवस राहतात आणि घरात कुजबुज सुरू होते. वाचकहो, त्या बाईला बोल लावण्यापूर्वी शरीराचा व्यवहार जरा समजून घ्या.

शस्त्रक्रियेत शुक्रजंतू वाहून नेणाऱ्या दोन्ही नळ्या बंद करतात. पण पुढच्या मार्गात आधीचे शुक्रजंतू शिल्लक असतातच. टाकीची चावी बंद केली, तरी नळात राहिलेले पाणी गळतेच ना? तसेच हे! म्हणून पुढचे तीन महिने निरोध किंवा दुसरे साधन वापरावे, मग वीर्य तपासून घ्यावे. ‘शुक्रजंतू नाहीत’ असे डॉक्टरांनी सांगितले, की मगच निश्चिंत व्हावे. त्यानंतरही क्वचित नळी पुन्हा जुळते.

इतर साधनांचीही तीच गत. गोळी रोज न चुकता घेतली, तर वर्षात १०० पैकी एकीलाही सहसा दिवस राहत नाहीत. पण माणूस विसरतो, आणि प्रत्यक्षात सुमारे ७ जणींना राहतात.

तेव्हा पाळी चुकली, तर लपवू नका. लघवी लगेच तपासून घ्या. साधन फसले म्हणून गर्भ नको असेल, तर २० आठवड्यांपर्यंत आपला कायदा हे कारण मानतो. २०२१ च्या दुरुस्तीपासून त्याला लग्नाचीही अट उरलेली नाही.

साधन चुकू शकते. त्याची शिक्षा बाईला कशाला?